अध्यापनाची कार्यक्षमता : मोजमापाची साधने आणि त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

इंदूर शहराच्या दक्षिणेकडे, राऊ व महू यांच्या वाटेवर राजेंद्र नगर ही वसाहत आहे. येथे मराठी भाषक कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. बारावीचा निकाल लागला की या घरांतून एकच प्रश्न विचारला जातो : मुलाला वा मुलीला कोठे घालावे? याच वाटेवर पुढे राऊ येथे १९९६ साली स्थापन झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था आहे. खंडवा रस्त्यावर देवी अहिल्या विश्वविद्यालयाचे अध्यापन विभाग आहेत आणि त्याच रस्त्याने पुढे सिमरोल येथे २००९ साली सुरू झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर आहे. याखेरीज शहरात १८९१ साली स्थापन झालेले होळकर महाविद्यालय आहे आणि साधी संलग्न महाविद्यालये तर कितीतरी आहेत. पालक क्रमवारी पाहतात, श्रेणी पाहतात, वेतनाचे आकडे पाहतात आणि त्यावरून "तिथे चांगले शिकवतात" असा निष्कर्ष काढतात.

हा निष्कर्ष बरोबर आहे काय? ज्या आकड्यांवरून तो काढला जातो, ते आकडे अध्यापन मोजतात काय? प्रस्तुत लेखात विद्यापीठे व त्यांचे विभाग यांच्या अध्यापनाची कार्यक्षमता मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख साधनांची चिकित्सा केली आहे. हा विषय केवळ संशोधकांचा राहिलेला नाही. याच आकड्यांवरून अनुदान ठरते, पदे मंजूर होतात किंवा गोठवली जातात, अभ्यासक्रम चालू राहतात किंवा बंद होतात. लहान प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवणाऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांना तर या आकड्यांची झळ सर्वांत आधी लागते. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : आपल्याकडील प्रचलित साधने प्रामुख्याने संस्थेची साधनसंपत्ती आणि प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याची पूर्वतयारी मोजतात, विद्यार्थी प्रवेशापासून किती पुढे गेला, हे ती मोजत नाहीत.

कार्यक्षमता म्हणजे काय?

कार्यक्षमता हे गुणोत्तर आहे. जे मिळाले ते अंशस्थानी आणि त्यासाठी जे खर्च झाले ते छेदस्थानी. अर्थशास्त्रात या कल्पनेला मोजता येण्याजोगे रूप १९५७ मध्ये फॅरेल यांनी दिले. कारखान्याच्या बाबतीत हे सोपे आहे. किती कच्चा माल, किती कामगार आणि किती पक्का माल, एवढे कळले की काम भागते.

शिक्षणाच्या बाबतीत तीन अडचणी येतात. पहिली, विद्यार्थी हा एकाच वेळी कच्चा माल, कामगार आणि पक्का माल असतो. शिक्षकाने कितीही शिकवले तरी शिकायचे त्यालाच असते. दुसरी, काय मिळाले हे ठरवणे अवघड आहे. पदवी मिळाली, गुण मिळाले, नोकरी मिळाली, की विचार करण्याची सवय लागली? तिसरी, फळ उशिरा दिसते. पहिल्या सत्रात पक्का केलेला पाया तिसऱ्या वर्षी उपयोगी पडतो आणि त्याचे श्रेय तिसऱ्या वर्षाच्या शिक्षकाला मिळते. या तीन अडचणींकडे कोणते साधन कसे पाहते, ही त्या साधनाची खरी परीक्षा होय.

जुना धडा : निकालावर अनुदान

अध्यापन मोजून त्यावर पैसा देण्याचा प्रयोग नवा नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ साली सुधारित संहिता लागू झाली. शाळेला प्रत्येक मुलाच्या सरासरी हजेरीसाठी ४ शिलिंग आणि परीक्षेसाठी ८ शिलिंग मिळत. वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी प्रत्येक विषयात मूल नापास झाल्यास २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. परिणाम असा झाला की शाळा या तीन विषयांपुरत्याच उरल्या आणि मुले ठरावीक उतारे पाठ करू लागली. शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. शतक संपता संपता ती गुंडाळण्यात आली. निकालानुसार अनुदानाची हीच कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यातही राबवली गेली होती.

या इतिहासातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या संहितेत अंकांची चूक नव्हती. परीक्षा प्रत्यक्ष घेतल्या जात होत्या. चूक अशी की जे मोजणे सोपे होते, त्यालाच शिक्षण मानले गेले. आजच्या साधनांकडे पाहताना हा धडा ध्यानात ठेवला पाहिजे.

राष्ट्रीय क्रमवारी : साधनांना अध्यापन म्हणणे

राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा, म्हणजे एनआयआरएफ, २०१५ मध्ये जाहीर झाला आणि पहिली क्रमवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१७ पासून महाविद्यालयांचा स्वतंत्र गट सुरू झाला, तर २०२४ मध्ये राज्य सार्वजनिक विद्यापीठे, मुक्त विद्यापीठे व कौशल्य विद्यापीठे यांचे गट वाढवण्यात आले. विद्यापीठांसाठी पाच शीर्षके आहेत : अध्यापन, अध्ययन व साधने यांना ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पदवी-निष्पत्तीला २० टक्के, तर समावेशकता आणि जनमत यांना प्रत्येकी १० टक्के भार.

यातील पहिले शीर्षक आपल्या विषयाचे आहे. काही वर्षांच्या आराखड्यांत त्याचे १०० गुण असे विभागले होते : विद्यार्थिसंख्या २०, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण ३०, शिक्षकांची पात्रता व अनुभव २०, आर्थिक साधने व त्यांचा वापर ३०. वाचकांनी या यादीकडे पुन्हा एकदा पाहावे. यात वर्गात काय घडले याला एकही गुण नाही. चारही बाबी वर्गाच्या दारापर्यंतच्या आहेत.

त्यातही आर्थिक साधनांचे गुण विशेष विचार करण्यासारखे आहेत. प्रति विद्यार्थी वार्षिक खर्च जितका अधिक, तितके गुण अधिक. समजा, एक महाविद्यालय एका विद्यार्थ्यावर वर्षाला ४० हजार रुपये खर्च करते आणि दुसरे ८० हजार. दोन्हीकडचे विद्यार्थी सारखेच शिकले, तर कार्यक्षमतेच्या व्याख्येनुसार पहिले महाविद्यालय दुपटीने कार्यक्षम ठरते. क्रमवारीत मात्र दुसऱ्याला अधिक गुण मिळतात. जी राशी छेदात असायला हवी, ती येथे अंशात आली आहे. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचेही तेच. शिक्षक पुरेसे असावेत याबद्दल दुमत नाही आणि ५० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षकही नसेल तर या बाबीला शून्य गुण देण्याचा नियम योग्यच आहे. परंतु शिक्षक असणे आणि शिकवले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय मध्य प्रदेशातील अतिथी विद्वान किंवा महाराष्ट्रातील तासिका तत्त्वावरील प्राध्यापक जे तुकड्या-तुकड्यांनी शिकवतात, ते काम या गुणोत्तरात नीट बसत नाही.

आराखड्याच्या बाजूने असे म्हणता येईल की साधने ही अध्यापनाची पूर्वअट आहे आणि ती मोजली गेल्यामुळे संस्थाचालकांवर पदे भरण्याचा दबाव येतो. हा युक्तिवाद मान्य करण्यासारखा आहे. आक्षेप मोजण्याला नाही, नावाला आहे. याला "साधनसंपन्नता" म्हटले असते तर वाद नव्हता.

पदवी-निष्पत्तीच्या शीर्षकात विहित मुदतीत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण धरले जाते. हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले की त्या बाबीचे पूर्ण गुण मिळतात. येथे प्रश्न असा की परीक्षा कोणाची? होळकर महाविद्यालय स्वायत्त आहे; त्याच्या प्रश्नपत्रिका त्याचे तेच काढते. शेजारच्या संलग्न महाविद्यालयातील विद्यार्थी विश्वविद्यालयाची परीक्षा देतात. दोघांच्या निकालांची टक्केवारी एका ओळीत मांडणे म्हणजे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेली उंची एका वहीत लिहिणे होय.

नॅक : पुराव्यांचे मूल्यमापन

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, १९९४ साली बंगळूर येथे स्थापन झाली. तिची दृष्टी क्रमवारीची नसून श्रेणीची आहे आणि हा तिचा गुण आहे. देवी अहिल्या विश्वविद्यालयाला २०१९ मध्ये ए प्लस श्रेणी मिळाली. २०१७ च्या सुधारित आराखड्यात सात निकषांना मिळून १,००० गुण होते. अध्यापन-अध्ययन व मूल्यमापन या निकषाला विद्यापीठांसाठी २०० आणि संलग्न महाविद्यालयांसाठी ३५० गुण ठेवले होते. याच निकषात विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला ५० गुण देण्यात आले. महाविद्यालयाचे मुख्य काम शिकवणे हे आहे, ही गोष्ट या भारातून मान्य झाली, हे महत्त्वाचे.

तथापि बहुतेक गुण कागदोपत्री पुराव्यांवर अवलंबून होते. मार्गदर्शक शिक्षकांची यादी, माहिती तंत्रज्ञान वापरणाऱ्या शिक्षकांची टक्केवारी, निष्पत्ती-विधाने संकेतस्थळावर आहेत की नाहीत, अशा गोष्टी तपासल्या जात. ज्या शिक्षकांनी या फाइली भरल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. फाइल भरण्याचे तास वर्गाच्या तासांतूनच येतात. म्हणजे मापनाचा खर्चही अध्यापनाच्याच खात्यातून वजा होतो आणि हा खर्च कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. जानेवारी २०२४ मध्ये श्रेणींऐवजी "अधिस्वीकृत" किंवा "अधिस्वीकृत नाही" अशी द्विस्तरीय पद्धत आणण्याचे जाहीर झाले. श्रेणीचे भ्रामक सूक्ष्म भेद त्यामुळे कमी होतील. परंतु संस्थेला स्वतःच्या अध्यापनाविषयी काही कळावे, ही गरज त्यानेही भागणार नाही.

विभागांची तुलना : सीमारेषा पद्धत

एकाच विद्यापीठातील विभागांची किंवा अनेक विद्यापीठांतील एकाच विषयाच्या विभागांची तुलना करण्यासाठी संशोधकांनी सर्वाधिक वापरलेली पद्धत म्हणजे डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस. सोयीसाठी तिला येथे सीमारेषा पद्धत म्हणू. चार्न्स, कूपर व ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये ती मांडली. तिचा उगम शिक्षणातच आहे, हे फारसे सांगितले जात नाही. अमेरिकेत वंचित मुलांसाठी शाळांतून राबवलेल्या "फॉलो थ्रू" कार्यक्रमाचे मूल्यमापन करताना ती आकाराला आली.

पद्धत समजण्यास एक कल्पित उदाहरण घेऊ. एका विभागात १० शिक्षक असून वर्षाला २०० विद्यार्थी उत्तीर्ण होतात. दुसऱ्यात ८ शिक्षक असून १२० उत्तीर्ण होतात. दर शिक्षकामागे अनुक्रमे २० आणि १५ विद्यार्थी पडतात. पहिला सीमारेषेवर आहे, त्याची कार्यक्षमता १. दुसऱ्याची १५ भागिले २०, म्हणजे ०.७५. प्रत्यक्षात शिक्षक, कर्मचारी, खर्च, विद्यार्थी, संशोधन अशा अनेक राशी असतात. तेव्हा प्रत्येक विभागाला स्वतःला सर्वांत अनुकूल असे भार निवडू दिले जातात आणि तरीही जो मागे पडतो त्यालाच अकार्यक्षम म्हटले जाते. "आमच्यावर अन्याय झाला" असे म्हणण्यास जागा उरू नये, असा त्यामागचा विचार आहे.

ब्रिटनमध्ये बीस्ली यांनी १९९० मध्ये या पद्धतीने रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र विभागांची तुलना केली आणि १९९५ मध्ये अध्यापनाची व संशोधनाची कार्यक्षमता वेगवेगळी काढण्याचा मार्ग दाखवला. भारतात त्यागी, यादव व सिंग यांनी २००९ मध्ये आयआयटी रुरकीच्या १९ विभागांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही अध्यापन आणि संशोधन यांचा स्वतंत्र विचार आहे. ही मोठी उपलब्धी मानली पाहिजे. कारण एकत्रित क्रमवारीत संशोधनाचे वजन अध्यापनाला झाकून टाकते.

परंतु पद्धतीचे तीन दोष स्पष्टपणे मांडले पाहिजेत. पहिला दोष निष्पत्तीच्या निवडीचा. बीस्ली यांच्या अभ्यासात अध्यापनाची निष्पत्ती म्हणून विद्यार्थ्यांची संख्या धरली होती. म्हणजे वर्गात बसलेली डोकी मोजली, डोक्यांत काय गेले ते नाही. अशा मापाने वर्ग जितका गच्च, तितका विभाग कार्यक्षम! गंमत अशी की एनआयआरएफ जे प्रमाण कमी असल्याबद्दल गुण देते, तेच प्रमाण वाढल्यावर ही पद्धत शाबासकी देते. एकच विभाग एका साधनाने उत्तम आणि दुसऱ्याने अकार्यक्षम ठरू शकतो, कारण दोन्ही साधने शिकणे मोजतच नाहीत.

दुसरा दोष भार निवडण्याच्या स्वातंत्र्याचा. अनुकूल भार स्वतःच निवडायचे असतील, तर एखादा विभाग आपली एकच चांगली बाजू पुढे करून बाकी सर्व बाजूंना जवळजवळ शून्य भार देऊ शकतो. हे ओळखून बीस्ली यांनी भारांवर मर्यादा घातल्या. पण मर्यादा किती असावी, हे शेवटी माणूसच ठरवतो. गणित ठरवत नाही. तिसरा दोष संख्येचा. विभाग थोडे आणि राशी पुष्कळ असतील, तर जवळजवळ सगळेच कार्यक्षम ठरतात. एखाद्या महाविद्यालयाच्या सहा-सात विभागांवर ही पद्धत चालवून काढलेले दशांश स्थळापर्यंतचे आकडे शोभेचे असतात.

ब्रिटनमधील पुढचा अनुभवही बोलका आहे. २०१७ मध्ये तेथे अध्यापन-गुणवत्तेसाठी विद्यापीठांना सुवर्ण, रौप्य व कांस्य दर्जे देण्यात आले. जगप्रसिद्ध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला कांस्य मिळाले. संशोधनाची कीर्ती आणि अध्यापन यांची फारकत करण्याचे धैर्य त्यात होते आणि विद्यार्थ्यांची पूर्वपार्श्वभूमी लक्षात घेऊन अपेक्षित पातळी ठरवण्याचा प्रयत्नही होता. पुढे विषयनिहाय, म्हणजे विभागांचे, दर्जे देण्याचे प्रयोग झाले. परंतु ते पुढे न नेण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर झाला. विभागात विद्यार्थी थोडे असले की दोन-चार जणांच्या पुढे-मागे होण्याने दर्जा बदलतो, ही त्यातील एक मोठी अडचण होती.

विद्यार्थ्यांचे मत कितपत विश्वसनीय?

मग विद्यार्थ्यांनाच विचारावे, असे अनेकांना वाटते. या संदर्भात कॅरेल व वेस्ट यांचा २०१० चा अभ्यास प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. अमेरिकेच्या हवाई दल अकादमीत विद्यार्थ्यांची तुकड्यांत वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे होते, सर्व तुकड्यांना एकच परीक्षा असते आणि पुढचे अभ्यासक्रम सक्तीचे असतात. त्यामुळे शिक्षकाचा परिणाम वेगळा काढता येतो. त्यात असे आढळले की ज्या शिक्षकांचे विद्यार्थी चालू अभ्यासक्रमात चांगले गुण मिळवत, त्यांना विद्यार्थी चांगले शेरे देत. परंतु तेच विद्यार्थी पुढच्या, त्यावर आधारलेल्या अभ्यासक्रमांत सरासरीने मागे पडत. याउलट अधिक अनुभवी शिक्षकांचे विद्यार्थी आज कमी गुण मिळवत, पण पुढे टिकत. परीक्षेपुरते शिकवणे आणि पाया पक्का करणे यांतील हा फरक आहे.

याचा अर्थ विद्यार्थ्यांचे मत घेऊ नये असा नाही. शिक्षक वेळेवर येतो काय, शंकेला उत्तर देतो काय, हे विद्यार्थ्यांइतके कोणालाच माहीत नसते. पण त्या मताला अध्यापनाचे माप समजून त्यावर बढती वा नूतनीकरण ठरवणे, हे सोपे शिकवणाऱ्याला बक्षीस आणि खोल शिकवणाऱ्याला दंड करण्यासारखे आहे.

मूळ प्रश्न : विद्यार्थी कोठून निघाला?

वरील सर्व साधनांत एक समान उणीव आहे. विद्यार्थी कोठे पोहोचला हे काही साधने पाहतात, पण कोठून निघाला हे फार थोडी पाहतात. राऊ किंवा सिमरोल येथे प्रवेश मिळवणारा विद्यार्थी अखिल भारतीय परीक्षेतून निवडून आलेला असतो. झाबुआ वा धार जिल्ह्यातून एखाद्या संलग्न महाविद्यालयात येणारी मुलगी कित्येकदा घरातील पहिली शिकणारी असते. दोघांच्या अंतिम गुणांची तुलना ही शिक्षकांची तुलना नसून प्रवेशद्वारावरील चाळणीची तुलना असते.

देवी अहिल्या विश्वविद्यालयाचाच इतिहास पाहावा. १९६४ साली इंदूर विद्यापीठ म्हणून ते स्थापन झाले. त्याआधी येथील महाविद्यालये उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाला आणि त्याही आधी आग्रा विद्यापीठाला संलग्न होती. पुढे या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र शहराबाहेर निमाडातील आणि आदिवासीबहुल जिल्ह्यांपर्यंत वाढले. २०२४ मध्ये खरगोन येथे क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झाले आणि निमाडातील महाविद्यालये तिकडे गेली. अशा प्रत्येक फेरफारात विद्यापीठाच्या सरासरी निकालाची घडण बदलते. एकाही वर्गातील एकाही तासात काही बदललेले नसताना एका विद्यापीठाची सरासरी वर जाऊ शकते आणि दुसऱ्याची खाली. विद्यापीठाच्या सरासरीवरून अध्यापनाविषयी बोलणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळावे.

या प्रश्नाला सामाजिक न्यायाची बाजूही आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या वर्गातील २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर वर्गातील ५० मागे एक विद्यार्थी मुस्लिम होता. उरलेल्या मोठ्या वर्गाला जर कोणी शिकवत असेल, तर ती साधी, क्रमवारीत न दिसणारी महाविद्यालये शिकवतात. दलित, आदिवासी व इतर मागास समाजांतील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांबाबतही हेच म्हणता येईल. ज्या मापात निघण्याचे ठिकाण धरलेले नाही, ते माप या महाविद्यालयांना कायम शेवटच्या बाकावर बसवते आणि त्यांच्या शिक्षकांचे श्रम अदृश्य करते. त्याहून वाईट म्हणजे ते माप संस्थांना असा सल्ला देते : दुबळा विद्यार्थी घेऊ नका, निकाल सुधारेल.

पर्याय : अंतर मोजणे

टीका करून थांबणे योग्य नव्हे. अंतर मोजणे शक्य आहे, हे भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी दाखवून दिले आहे. हेस्टेनीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल या संकल्पनेवर एक चाचणी प्रसिद्ध केली. सूत्रे व आकडेमोड न करता, केवळ समज तपासणारे प्रश्न त्यात होते. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे आकडे एकत्र केले. चाचणी आरंभी आणि शेवटी, दोन्ही वेळा घेतलेली होती. जेवढी वाढ शक्य होती त्यापैकी किती झाली, हे त्यांनी काढले. केवळ व्याख्यान देणाऱ्या अभ्यासक्रमांत हे प्रमाण सरासरी ०.२३ होते, विद्यार्थ्यांना चर्चेत व कृतीत गुंतवणाऱ्या अभ्यासक्रमांत ते ०.४८ होते.

ही रीत आपल्या वर्गात वापरण्यास अवघड नाही. समजा, एका वर्गाला आरंभी १०० पैकी सरासरी ३० गुण पडले आणि शेवटी ५८. शक्य वाढ ७० ची होती, झाली २८ ची, म्हणजे ०.४०. दुसऱ्या वर्गाला आरंभी ७० आणि शेवटी ७९ पडले. शक्य वाढ ३० ची, झाली ९ ची, म्हणजे ०.३०. अंतिम गुण पाहिले तर दुसरा वर्ग पुष्कळ पुढे दिसतो. पण अध्यापन पहिल्या वर्गात अधिक झाले.

या रीतीच्याही मर्यादा आहेत. चाचणी चांगली नसेल तर उत्तरही चांगले येणार नाही. मधेच सोडून गेलेले विद्यार्थी हिशेबातून गळले तर वाढ फुगलेली दिसते. म्हणून त्यांची नोंद वेगळी ठेवावी. लहान वर्गात एका वर्षाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये, तीन-चार वर्षे सलग पाहावीत. आणि जी समज चाचणीत उतरत नाही, तिची जागा शिक्षकाच्या टिपणाने भरावी.

कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांसाठी

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजची योजना सुरू केली. त्याआधी २००९ मध्ये इग्नूनेही असा प्रयत्न केला होता. या अभ्यासक्रमांचे वैशिष्ट्य असे की विद्यार्थ्याला वेगवेगळ्या टप्प्यांवर बाहेर पडता यावे. सहा महिन्यांनी प्रमाणपत्र घेऊन कामाला लागलेला विद्यार्थी हे यश आहे. पण निकालाच्या तक्त्यात तो "गळती"च्या रकान्यात जाण्याची भीती असते.

अमेरिकेने ही चूक बराच काळ केली. १९९० च्या कायद्यानुसार महाविद्यालयांचे पदवी-प्रमाण जाहीर करणे बंधनकारक झाले. परंतु त्यात प्रथमच प्रवेश घेणारे पूर्णवेळ विद्यार्थीच धरले जात. नोकरी सांभाळून शिकणारे व अन्य संस्थेतून आलेले विद्यार्थी, म्हणजे कम्युनिटी कॉलेजचा मोठा हिस्सा, मोजणीत येतच नसे. त्यामुळे ही महाविद्यालये वाईट शिकवतात असा समज दृढ झाला. दोन दशकांहून अधिक काळानंतर अर्धवेळ व स्थलांतरित विद्यार्थ्यांना धरणारी नवी मोजणी सुरू झाली.

आपण ही चूक टाळू शकतो. त्यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शिक्षकाने एका साध्या वहीत पाच रकाने ठेवावेत : प्रवेशाच्या वेळची चाचणी, शेवटची तीच चाचणी, विद्यार्थ्याने ठरवलेले उद्दिष्ट, तो कोणत्या टप्प्यावर व का बाहेर पडला, आणि एका वर्षानंतर तो काय करतो आहे. ही वही क्रमवारीसाठी नाही. ती विभागाच्या बैठकीत उघडावी आणि गेल्या वर्षीच्या आपल्याच आकड्यांशी, तसेच सारखे विद्यार्थी घेणाऱ्या एखाद्या शेजारच्या महाविद्यालयाशी ताडून पाहावी. एखादा अभ्यासक्रम बंद करण्याचा प्रस्ताव आला, तर प्राचार्यांसमोर व संस्थाचालकांसमोर ठेवण्यास आपल्या हाती पुरावा असेल. पुरावा नसेल तर दुसऱ्याचे आकडे आपल्याविषयी बोलतील.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, राष्ट्रीय क्रमवारीतील अध्यापनाचे शीर्षक प्रामुख्याने साधनसंपत्ती मोजते. तिला कार्यक्षमता म्हणता येणार नाही. दोन, सीमारेषा पद्धत कार्यक्षमतेची कल्पना नीट मांडते, पण निष्पत्ती म्हणून विद्यार्थिसंख्या वापरल्यास ती गर्दीला गुण देते. प्रवेशाचा स्तर व शिकण्यातील वाढ या राशी घेतल्याशिवाय तिचा उपयोग करू नये. तीन, विद्यार्थ्यांचे मत ऐकावे, परंतु त्याला अंतिम माप मानू नये. चार, लहान विभागांना क्रमांक देऊ नयेत. त्यांची तुलना त्यांच्याच पूर्वीच्या कामाशी करावी.

राजेंद्र नगरातील पालक पुढच्या वर्षीही क्रमवारीच पाहतील, कारण त्यांच्यासमोर दुसरे काही नाही. ते दुसरे काही तयार करणे शिक्षकांच्या हाती आहे. आमच्याकडे आलेला विद्यार्थी कोठे होता आणि जाताना कोठे होता, या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे जे महाविद्यालय देऊ शकेल, त्याच्या अध्यापनाबद्दल पालकांना काही खरे कळेल. ती उत्तरे अनुकूल नसली तरीही ती द्यावीत. सुधारणेची सुरुवात तेथूनच होते.